मामाचं सोवळं

माझा मामा प्यो दोक-सू हा जुन्या चिनी पोथ्यांचा फार मोठा पंडित होता, असं आमच्या अख्ख्या तालुक्यात सांगतात. ते खोटं नाही. कन्फ्यूशियसच्या आणि त्याच्या शिष्यांच्या पोथ्या त्याला मुखोद्गत होत्या. मधलंच एखादं वाक्य काढून दिलं, की पुढचं पानच्या पान तो डोळे मिटून म्हणायचा. लोक त्याला गुरुजी म्हणत. रस्त्यात दिसला की सायकलवरून उतरून वाकत. मी मात्र इथे त्याला 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर जन्मभर 'तुम्ही' म्हटलं, तेवढं पुरे झालं.

अलीकडे आमच्याकडे त्या विद्येचं पुन्हा पेव फुटलं आहे. शाळेला सुट्टी लागली की जुन्या पाठशाळेत संस्कार वर्ग भरतात. पोरांना निळे अंगरखे चढवतात, गुडघे टेकून बसवतात आणि मोठ्यांचा मान कसा राखावा हे त्यांच्याकडून घोकून घेतात. आया दारात उभ्या राहून फोटो काढतात. माझी सूनही परवा म्हणाली, "आई, धाकट्याला घालू या का? चांगलं वळण लागेल." मी म्हटलं, "वळण लागलेला माणूस मी फार जवळून पाहिलाय. तू पोराला पोहायला घाल." तिला काही ते पटलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या आईचं नाव ओक-बुन. मामापेक्षा ती पाच-सहा वर्षांनी मोठी. युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा आजोबा गेले. मागे उरली एक गिरणी. तिथे भात सडायचा, मिरची कुटायची, तीळ भाजून तेल काढायचं. आजी दम्यानं बेजार. आईनं शाळा सोडली, डोक्याला फडकं बांधलं आणि गिरणीत उभी राहिली ती शेवटच्या दुखण्यापर्यंत; मधे लग्न झालं, मी झाले, वडील लवकर गेले, पण गिरणी सुटली नाही. मामाला मात्र नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्या पंडिताकडे धाडलं. प्यो घराण्यात प्रत्येक पिढीत एक तरी पोथी वाचणारा असावा, अशी आजोबांची म्हणे इच्छा होती. तो वाचणारा म्हणजे मुलगी असू शकते, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आईच्या तर नाहीच नाही.

ज्या परीक्षेसाठी ही विद्या शिकायची, ती परीक्षा आजोबांच्या जन्माआधीच बंद पडली होती. पास झालं की ज्या राजाच्या दरबारात नोकरी मिळायची, तो राजाही उरला नव्हता. तरी मामा शिकत राहिला. त्याच्या बरोबरीची पोरं शहरात गेली, कुणी कापडाच्या कारखान्यात, कुणी अरबांच्या वाळवंटात रस्ते बांधायला. मामा पांढरा अंगरखा घालून ओसरीवर बसला. तो अंगरखा धुऊन, खळ देऊन, इस्त्री करण्यात मामीचा जन्म गेला. आवाज मात्र गोड होता, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी गिरणी थांबली की त्याचा संथ सूर कानावर यायचा आणि आई पायरीवर बसून नखांतलं तिखट काढत ऐकायची.

"काय म्हणतोय गं तो?" मी विचारायची.

"चांगलंच काहीतरी असणार," आई म्हणायची.

मी सातवीत असताना गिरणीच्या पट्ट्यात आईचा डावा हात सापडला. मी शाळेतून आले, तेव्हा अंगणभर माणसं होती आणि शेजारची टोफूवाली झालेला प्रकार मोठमोठ्यानं सांगत होती. आई ओरडली होती, "दोक-सू! बटण! बटण बंद कर!" मामा ओसरीवरच होता. तो आला. धावत नाही, धावणं त्याच्या विद्येला शोभत नसे. दारात उभा राहून त्यानं चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुठलं बटण, ताई? कुठे असतं ते?" ज्या गिरणीचं त्यानं लहानपणापासून खाल्लं, तिचं बटण कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी टोफूवालीनंच घुसून ते बंद केलं. तोवर आईची दोन बोटं गेली होती.

पुढचं मी स्वतः पाहिलं. दवाखान्यात मामा आईच्या उशाशी बसला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आईबापांनी दिलेलं शरीर असं निष्काळजीपणानं वापरायचं नसतं, ताई. ते धड राखणं हेही लेकराचं कर्तव्यच." हाताला हे एवढं बोचकं बांधलेली माझी आई मान खाली घालून म्हणाली, "चुकलंच रे माझं."

त्या दिवशी माझ्या मनातून ती विद्या उतरली. ज्याचं बोट तुटतं, त्यालाच ती माफी मागायला लावते.

शहाणी माणसं मला समजावतात. "अगं इन-सुक, एक माणूस कमी पडला म्हणून विद्या वाईट कशी ठरेल? त्या विचारावर हजारो वर्षं देश चालले." मला हे पटत नाही. मामा काही वाईट माणूस नव्हता. दारू नाही, जुगार नाही, बाहेरची भानगड नाही. कुणाला साधी शिवी दिली नाही. वाईट माणूस असता तर मी विद्येला सोडून दिलं असतं. त्याला जे शिकवलं ते त्यानं तंतोतंत केलं, हीच तर माझी तक्रार आहे. कुणी कुणापुढे किती वाकायचं हे त्या पोथ्यांत बारीकसारीक लिहिलेलं आहे. प्रजेनं राजापुढे, मुलानं बापापुढे, बायकोनं नवऱ्यापुढे, धाकट्यानं थोरल्यापुढे. आई तर थोरली होती, मग मामा तिच्यापुढे वाकायला हवा होता, नाही का? वाकायचा ना! नव्या वर्षाला दोन्ही हात जमिनीला टेकून, अगदी मोजूनमापून नमस्कार करायचा. नमस्कार झाला की ती उठून त्याला तांदळाच्या वड्यांचं सूप वाढायची. भाताचं पोतं कुणी उचलायचं, हे पोथीत नव्हतं.

मामाचं नाव झालं ते त्याच्या भाषणांमुळे. संस्कार वर्गाचा शेवटचा दिवस असला, की त्यालाच बोलवायचे. "माझ्या ताईनं मला वाढवलं," तो म्हणायचा. "तिनं घाम गाळला म्हणून मी चार अक्षरं शिकलो. बहिणीचं हे ऋण मी कोणत्या जन्मी फेडणार?" बायका रुमालानं डोळे पुसायच्या. आई सगळ्यांत मागच्या रांगेत बसलेली असायची, हाताची घडी अशी घालून की तुटकी बोटं दिसू नयेत. तोंडावर आनंद मावत नसे. परतताना मामा पुढे, आई मागे आणि त्याच्या पोथ्यांचं गाठोडं आईच्या काखेत.

एकदा मी तिला गिरणीतच धारेवर धरलं. "ऋण फेडायचा एवढा उमाळा येतो तर त्याला सांग ना, एक दिवस पोतं उचल म्हणून!"

"काहीतरीच काय! ते हात पोथीचे आहेत गं."

"आणि तुझे?"

"माझी आहेत की अजून आठ बोटं," म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसली. अशा बाईशी भांडणार तरी कसं?

मामा साठीला आला त्या वर्षी शरदातल्या मोठ्या विधीचा पहिला पेला त्याच्या वाट्याला आला. आमच्या पाठशाळेत वर्षातून दोनदा हा विधी होतो. कन्फ्यूशियसच्या आणि त्याच्या शिष्यांच्या नावाच्या लाकडी पाट्यांपुढे कच्चं डुक्कर, तांदूळ, राळे, सुकी बोरं मांडतात आणि दारूचे तीन पेले वाहतात. पहिला पेला वाहण्याचा मान एरवी सरकारी साहेबाकडे जायचा. गिरणीवाल्यांच्या घरात तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. मामानं ही बातमी सांगितली तेव्हा आई भर अंगणात मटकन खाली बसली आणि रडली. "बाबांना आज बरं वाटलं असेल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तेव्हा तिच्या डोळ्यांत पिवळी झाक आली होती. जेवण तुटलं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "विधीचे तांदूळ निवडून होऊ देत." विधीला लागणारे तांदूळ आणि राळे आमच्याच गिरणीतून जायचे, आणि त्या वर्षी तर एकही तुटका दाणा जाऊ द्यायचा नाही असा तिनं पणच केला होता. सुपासमोर बसून दिवस दिवस निवडत होती. निवडतानाच एक दिवस कलंडली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, यकृत पार गेलंय, इतके दिवस करत काय होता?

मामा एकदा भेटायला आला. नाशपातीच्या रसाचा खोका घेऊन आला, खुर्चीत ताठ बसला. उठताना म्हणाला, "आता तीन दिवस सोवळं आहे, ताई. विधी झाला की रोज येईन."

"ये. पण आधी ते नीट पार पाड. पेला हलू देऊ नकोस," आई म्हणाली.

हे सोवळं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पेला वाहणाऱ्यांनी विधीआधी पाठशाळेतच मुक्काम करायचा. लसूण नाही, दारू नाही, गाणंबजावणं नाही. मयताला जायचं नाही. आणि आजाऱ्याच्या भेटीलाही जायचं नाही. घरात कुणी गेल्याची बातमी पोहोचली, की सुतक लागलं. मग पेला दुसऱ्याच्या हातात.

विधीच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि जवळच्या माणसांना बोलावून घ्या म्हणाले. मी आत आले. आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलंच असावं. जरा वेळानं म्हणाली, "दोक-सूला उगीच त्रास देऊ नकोस हं. सोवळं मोडेल त्याचं." मग तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. दुपारी मी पेज भरवत होते, तर चमचा बाजूला सारून एकदम म्हणाली, "इन-सुक, तो पाच मिनिटं येऊन गेला असता तर बरं झालं असतं गं. नुसतं तोंड बघितलं असतं."

त्या बटणानंतर आयुष्यात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी चपला घातल्या आणि निघाले.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, बाजारात पर्सिमॉनची फळं विकायची. तिनं सगळं ऐकलं होतं. "कुठे आहे गं हा भाऊ?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे मेलेल्या पंडितांना डुक्कर वाढायचंय म्हणून जित्या बहिणीला भेटत नाही?" ती म्हणाली. "चांगली विद्या आहे हो! आमचा दारुडा भाऊ बरा म्हणायचा. पडत-झडत का होईना, येऊन गेला."

पाठशाळा दवाखान्याच्या मागच्या टेकडीवरच आहे. चढायला वेळ लागत नाही. मोठ्या दारातून बायकांना त्या दिवसांत सोडत नाहीत, म्हणून मी बाजूच्या दारावर थाप मारली. कारभारी, म्हातारे ग्योंग, बाहेर आले.

"गुरुजी सोवळ्यात आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझी आई जायला लागलीय. त्यांना बोलवा."

"अगं, हळू बोल!" त्यांनी घाईघाईनं मागे पाहिलं. "असलं काही इथे उच्चारू नकोस. ऐकू गेलं तर पंचाईत व्हायची. उद्या साहेब यायचेत, तीन शाळांची पोरं यायचीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच हाक मारली. "मामा! ओ मामा! बाहेर या!"

तो आला. उंबरठ्याच्या आत थांबला. इतका स्वच्छ, इतका शांत दिसत होता की मला त्याला चिखल फासावासा वाटला.

"मामा, डॉक्टर म्हणाले बोलावून घ्या. आई तुम्हाला विचारतेय. पाच मिनिटं चला. टेकडी उतरलं की दवाखाना."

त्यानं अंगरख्याच्या बाह्या सारख्या केल्या. मग म्हणाला, "मला जाता येणार नाही, इन-सुक."

"पेला दुसरा कुणी वाहील."

"प्रश्न पेल्याचा नाही. मन शुद्ध, एकाग्र असावं लागतं. आजाऱ्याला बघून आलेलं मन तसं राहत नाही. म्हणून तर नियम आहे."

"मग नाही राहिलं तर नाही! बहीण मरत असताना मन शांत ठेवायचं शिकवतात होय तुमच्या पोथीत?"

ग्योंग मागून पुटपुटले, "मुलीच्या जातीनं केवढा हा आवाज!" मामानं त्यांना हातानंच थांबवलं. तो माझ्याशी रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीनं बोलला. "हा दिवस तुझ्या आईनंच मला दिलाय. तिनं जन्मभर ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या, ते उद्या पुरं होणार. मी हे अर्धवट टाकून आलो, तर तिलाच सगळ्यांत जास्त वाईट वाटेल. तूच विचार कर."

"ती स्वतः म्हणतेय, या म्हणून."

"आजारात माणूस म्हणतं. तिच्या मनातलं मला ठाऊक आहे."

ती बोलली ते खरं नाही, तिनं काय बोलायला हवं होतं ते खरं; आणि ते ठरवणार हा! मी वळले. तेव्हा त्यानं खालच्या आवाजात हाक मारली.

"इन-सुक. एक ऐक. काही झालंच, तर विधी आटपेपर्यंत इथे कळवू नका. कळलं नाही तोवर सुतक लागत नाही."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. ओशाळलेपणाचा मागमूस नव्हता. तो मला नियम समजावून देत होता.

आईला येऊन काय सांगायचं? म्हटलं, "उद्या विधी झाला की लगेच येतो म्हणाले." तिनं मान हलवली. "मी म्हटलंच होतं, सोवळं मोडू नये," म्हणाली. म्हातारीनं कूस बदलली आणि भिंतीला ऐकवल्यासारखं म्हणाली, "उद्यापर्यंत थांब बाई आता. तेवढं एक काम राहिलंय तुझं."

आणि आई खरंच थांबली. डॉक्टरांनाही नवल वाटलं. सकाळी टेकडीवरचा ढोल वाजला तशी तिनं डोळे उघडले. विधीतल्या प्रत्येक कृतीची हाक देणाऱ्याचा आवाज भोंग्यातून खाली येत होता. मी खाटेचं डोकं जरा वर केलं, खिडकी उघडली. आई कान देऊन ऐकत होती आणि मला सांगत होती. "आता हात धुतोय बघ. आता पूर्वेच्या पायऱ्यांनी चढेल. उजवं पाऊल आधी." तिला आत कधीच सोडलं नव्हतं. घरी मामा चटईवर सराव करायचा, ते पाहून तिला पाठ झालं होतं. पहिल्या पेल्याची हाक आली, तेव्हा तिनं अंथरुणातच दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डाव्या हाताची बोटं तुटकीच होती. मला ते बघवलं नाही.

दुपारच्या आत विधी संपला. ढोल थांबला. आई म्हणाली, "माझे केस विंचर. येईलच तो आता." मी विंचरले. तोंड पुसलं. तिनं स्वच्छ झगा मागितला, तोही घातला. मग आम्ही वाट पाहत बसलो.

"आता प्रसादाची दारू वाटत असतील," आई म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "साहेब आलेत ना, त्यांना सोडून कसा निघेल?" मग श्वास घेऊन, "फोटो असेल. पहिल्या पेल्याला मधे उभं करतात." त्याच्या वतीनं एक एक सबब तीच शोधून काढत होती. मी खालच्या मजल्यावर जाऊन पाठशाळेत फोन लावला. ग्योंगनी उचलला. मागे हसण्याचे, भांड्यांचे आवाज. "विधी उत्तम झाला! साहेबांचं भाषण चाललंय, गुरुजी व्यासपीठावर आहेत. कसं उठवू? येतीलच ते."

"विधी झाला ना? आता तर सोवळं नाही ना?"

"अगं, पण पाहुणे आहेत!"

मी वर आले तेव्हा आईचा श्वास बदलला होता. मी खोलीचं दार लोटायला गेले, तर म्हणाली, "दार लावू नकोस. त्याला खोली सापडायची नाही." त्यानंतर ती काही बोलली नाही. दुपार कलायच्या आत गेली. डोळे दाराकडेच होते, ते म्हातारीनं उठून मिटवले.

दवाखान्याच्या तळघरात मयताची खोली असते. आईचा फोटो लावला, उदबत्त्या लावल्या, नैवेद्याचं ताट मांडलं. दाराशी एक काळी पाटी असते, तिच्यावर मागे राहिलेल्यांची नावं खडूनं लिहितात. तिथल्या माणसानं लिहिलं: मुलगी इन-सुक, जावई, नातवंडं, भाऊ प्यो दोक-सू. गिरणीची गिऱ्हाइकं, टोफूवाली, शेजारपाजार असे सगळे जमले. मामा आला तेव्हा दिवे लागले होते. हातात कागदात बांधलेलं प्रसादाचं मांस आणि बोरं. वर कुणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण चेहरा पडलेला होता. तो थेट माझ्याकडे आला.

"कधी?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, भाऊ आहे. पाच मिनिटांनी चुकामूक झाली की किती वेळानं, हे त्याला जाणून घ्यायचं असेल. मी म्हटलं, "दुपारी. तुमचा विधी झाला तेव्हा केस विंचरून वाट बघत बसली होती. तुम्ही व्यासपीठावर होतात."

"म्हणजे विधी संपल्यावर?"

"हो. संपल्यावर."

त्यानं श्वास सोडला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे विधीला दोष लागला नाही."

मग तो वळला, फोटोसमोर रीतीप्रमाणे नमस्कार केला आणि गळा काढला. "आइगो, आइगो." त्याच त्या गोड आवाजात, अगदी सुरात. लोक सरकून त्याला जागा देऊ लागले. कुणीतरी म्हणालं, "बहिणीवर केवढी माया!" टोफूवालीनंही नाक पुसलं. रडणं जितकं चालायला हवं तितकंच चाललं आणि थांबलं. त्यानं ताटाकडे पाहिलं, भुवई जरा उचलली आणि हात पुढे करून त्यातला मासा फिरवला. आम्ही माशाचं डोकं पश्चिमेला ठेवलं होतं, ते पूर्वेला हवं असतं.

मी उठले. मामाच्या हाताला मी उभ्या जन्मात कधी शिवले नव्हते. त्याचा दंड धरला आणि वर ओढला.

"ऊठ," मी म्हटलं. "जा तू घरी."

मामानं लोकांकडे पाहून मान हलवली. "दुःखानं तिचं भान सुटलंय," तो म्हणाला. "तिला बोलू नका कुणी."

"भान आहे मला. तुझं सोवळं राहिलं, विधी शुद्ध झाला. झालं ना तुझं काम? आता इथे सुतक आहे, ते तुला कशाला?"

मी दाराशी गेले, पाटीवरचं 'भाऊ प्यो दोक-सू' तळहातानं पुसून टाकलं आणि खडूचा हात कपड्याला पुसला. तिथला माणूस घाबरून म्हणाला, "अहो, तिथे आता काय लिहू?"

"काही लिहू नका," मी म्हटलं. "आईला भाऊ नव्हता. एक विद्यार्थी होता, त्याचं शिक्षण अजून चालू आहे."